ओल वरूनच येते

४ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. छंद म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. प्रकरण उद्या चिघळलं तर तारीखवार नोंद हाताशी हवी.

घटना: मागच्या खोलीत, खिडकीखाली, भिंतीवर डाग. ताटाएवढा. चहा सांडून पुसायचा राहून गेल्यासारखा रंग. हात लावला तर गार. वास कुबट. पाऊस कित्येक महिन्यांत नाही. मग पाणी आलं कुठून? वरून. वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिकाबाई एकट्या राहतात. एकट्या बाईला दिवसभर इतकं पाणी लागतं कशाला, हा प्रश्न मला फार दिवसांपासून पडलेला आहे.

ही म्हणाली, डाग खिडकीखाली आहे आणि वरचं छत तर कोरडं ठणठणीत आहे. मी समजावलं की पाणी भिंतीच्या आतून उतरतं आणि वर मागमूस ठेवत नाही. सराईत पाणी असतं ते. ती नुसतं बरं म्हणाली. पटलं असावं.

महत्त्वाचं: महिनाअखेरीस सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. नंतर सहा आठवडे त्या आमच्याकडे, याच खोलीत. एरवी त्या मेहुण्याकडे असतात, पण त्याच्या इमारतीला लिफ्ट नाही. सासूबाईंची छाती नाजूक, ओलीने दमा उसळतो, खोली कोरडी हवी असं डॉक्टरांनी बजावलंय. मेहुणा फोनवर म्हणाला की त्याच्या ओळखीचा वॉटरप्रूफिंगवाला आहे, पाठवतो. मी नको म्हटलं. मी विमा कंपनीत दाव्यांची छाननी करतो. लोकांच्या घरात पाणी कुठून शिरलं आणि त्यात त्यांचीच चूक कशी, हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माझ्या स्वतःच्या भिंतीसाठी मी परका माणूस बोलावू?

सासूबाईंनी लग्नापासून आजवर मला एकही काम सांगितलेलं नाही. आदर, दुसरं काय. तरी या खेपेला त्यांनी एकदा म्हणावं, की जावईबापूंनी खोली छान ठेवलीय. एवढंच हवंय. फार नाही.

५ मार्च, मंगळवार

ऑफिसात एक दावा नामंजूर. अर्जदाराच्या स्वयंपाकघराचं छत गळत होतं. फोटोत स्पष्ट दिसत होतं की गच्चीवरून पाणी जायची वाट या गृहस्थाने स्वतःच्या हाताने बंद केली होती. शेरा मारला: निष्काळजीपणा. लोकांना आपल्याच घरात काय चाललंय ते कळत नाही, याचं मला नवल वाटतं.

संध्याकाळी बागेला पाणी घातलं. बाग म्हणजे मागच्या खोलीच्या खिडकीबाहेर सिमेंटचा रुंद कट्टा आहे, त्यावर माझ्या कुंड्या. पुदिना, दोन गुलाब, आणि एक लिंबाचं झाड, ज्याला लिंबू धरत नाही. कट्ट्याला पूर्वी एक भोक होतं. त्यातून चिखल खाली लोकांच्या गाड्यांवर टपकायचा, तक्रारी यायच्या. गेल्या वर्षी मी ते सिमेंटने बुजवलं. तेव्हापासून एक थेंब खाली गेलेला नाही. काम असावं तर असं.

७ मार्च, गुरुवार

ओल प्रतिबंधाचे नियम ठरवले आणि फ्रिजवर लावले. मागच्या खोलीची खिडकी रोज सकाळ-संध्याकाळ उघडायची. ओले कपडे त्या खोलीत वाळत घालायचे नाहीत. आंघोळीनंतर बाथरूमचा पंखा चालू. सगळ्यांनी पाळायचे. घरात आम्ही दोघंच आहोत, पण सगळ्यांनी असं लिहिलं की वजन येतं.

त्याच दिवशी, रात्री ८

खिडकी उघडली नाही. धूळ येते. पंखा लावला नाही, आवाज फार. कपडे खोलीतच, कारण बाहेर जागा कुठे आहे. नियम उद्यापासून.

९ मार्च, शनिवार

ओलावा मोजायचं यंत्र आलं. दोन अणकुचीदार टोकं भिंतीला टेकवायची. हिरवा दिवा म्हणजे कोरडं, लाल म्हणजे ओलं, शिवाय शिट्टी. डागावर लाल आणि शिट्टी. शास्त्र ते शास्त्र.

मग घरभर फिरलो. टॉवेल लाल. पाव लाल. सोफ्यावर लाल, पण मी नुकताच आंघोळ करून तिथे बसलो होतो, ते सोडून दिलं. माझा तळहात लाल. हिच्या हाताला लावू दिलं नाही.

१० मार्च, रविवार

डागाच्या बाजूलाच कपाट आहे, भिंतीला अगदी चिकटून. ते पुढे ओढलं. मागे सगळीकडे बुरशी. आत माझा लग्नातला कोट होता, त्याची कॉलर हिरवी झालीय. ही म्हणाली, कपाट भिंतीपासून हातभर लांब हवं, मागे हवा खेळली पाहिजे, हे मी तुम्हाला खोली लावली तेव्हाच सांगितलं होतं. मीही नेमकं तेच सांगणार होतो.

कपाट हातभर पुढे घेतलं. आता खोलीचं दार पूर्ण उघडत नाही. आत तिरकं होऊन जावं लागतं. ही जाते. मी अडकतो. संकल्प: वजन कमी करणे.

१२ मार्च, मंगळवार

फॉइलची चाचणी. भिंतीवर पुसून घेतलेल्या जागी फॉइलचा तुकडा, चारी कडा टेपने बंद. दोन दिवस हात लावायचा नाही. पाणी फॉइलच्या मागे जमलं तर ते भिंतीतून येतंय. पुढे जमलं तर खोलीतली हवाच दमट आहे. घरातलं फॉइल संपलं. डब्यातल्या पोळ्या आज वर्तमानपत्रात. हिने डबा जरा जोरात ठेवला.

१४ मार्च, गुरुवार

निकाल: मागे पाणी. पुढेही पाणी. पुढच्या बाजूकडे दुर्लक्ष केलं. शेजारीच ओल्या चादरी होत्या, त्यामुळे त्या साक्षीला अर्थ नाही. मागे पाणी, म्हणजे भिंतीतून. भिंतीतून, म्हणजे वरून. प्रकरण सिद्ध.

वरच्या बाईंना नोटीस लिहिली. आपल्या न्हाणीघरातील बेफिकीर जलवापरामुळे इत्यादी. दोन पानं. सासूबाईंच्या दम्याचाही उल्लेख केला. त्यांच्या दाराखालून सरकवली.

१५ मार्च, शुक्रवार

नोटीस परत आली. लाल शाईने तपासलेली. शेवटी शेरा: मुद्दा लवकर मांडावा. त्याखाली: आईंची काळजी वाटते, रविवारी सकाळी येऊन काय ते तपासा, चहा घेऊनच जा.

हिने दोन्ही पानं वाचली आणि तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. खोकला झाला असावा. ओलीचे परिणाम सुरू झाले.

१७ मार्च, रविवार

रंगाची चाचणी. हा माझा हुकमाचा पत्ता. कपडे रंगवायची पूड आणली होती, एक लाल आणि एक निळी. लाल रंग वरच्या बाथरूममध्ये ओतायचा, पाणी तुंबवून ठेवायचं, आणि खाली आमच्या भिंतीवर लाल उमटायची वाट बघायची. लाल उमटला की बाई सापडल्या. निळी पूड जादा, म्हणून घरीच ठेवली.

बाईंनी चपला बाहेर काढायला लावल्या, पँट दुमडायला लावली आणि काम होईपर्यंत हाताची घडी घालून दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या भिंतींना यंत्र लावलं. हिरवा. सगळीकडे हिरवा. काही लोक तपासणीच्या आधी सगळं पुसून ठेवतात. चहा चांगला होता.

रंग ओतताना पाय लाल झाले. चपला हातात घेऊन घरी येताना जिन्यावर उमटले. दुपारी सोसायटीच्या सेक्रेटरींनी खाली फळ्यावर लिहिलं की हा वात्रटपणा कोणत्या मुलाचा आहे ते पालकांनी बघावं. मी पालक नाही, म्हणून उत्तर दिलं नाही.

१९ मार्च, मंगळवार

भिंतीवर लाल नाही. काँक्रीट जाड आहे, वेळ लागणार. पाय अजून लालच. ऑफिसात मोजे काढले नाहीत.

बाग जोमात आहे. झारीतलं पाणी हल्ली जरा गडद दिसतं. खत असेल.

२१ मार्च, गुरुवार, सकाळ

भिंतीवर रंग उमटला. निळा.

आधी गोंधळलो. मग डोक्यात उजेड पडला. शाळेत लिटमसचा कागद असतो, लाल कागद चुन्याच्या निवळीत बुडवला की निळा होतो. सिमेंटमध्ये चुना. बाईंचा लाल रंग सिमेंटमधून प्रवास करताकरता निळा झाला. इतकं सरळ आहे.

तसाच वर गेलो आणि बाईंना निष्कर्ष ऐकवला. त्यांनी शांतपणे विचारलं, की ती पूड लिटमसची होती की कापडाची. मी म्हटलं, तत्त्व महत्त्वाचं. त्या म्हणाल्या की तीस वर्षं त्यांनी विज्ञानच शिकवलं. मग म्हणाल्या, खिडकीबाहेर एकदा बघा. मी म्हटलं, खिडकी हा आजचा विषय नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

हिने सांगितलं की निळी पूड तिने रविवारी संध्याकाळी माझ्या झारीत टाकली. सोमवारी पुन्हा, मंगळवारी पुन्हा. मी स्वतःच्या हाताने ती कुंड्यांना घातली. कट्ट्याचं भोक बुजवलेलं, त्यामुळे पाण्याला बाहेर जायला वाट नाही, ते कट्ट्यावर साचतं आणि आमच्याच भिंतीत मुरतं. तिला हा संशय पहिल्या दिवसापासून होता. मला तोंडाने सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, म्हणून भिंतीकडून वदवून घेतलं, असं म्हणाली.

माझं मत: तपास चालू असताना घरातल्या व्यक्तीने केलेली ढवळाढवळ. असा पुरावा कोणतीही कंपनी बाद करेल. तिला तसं सांगितलं. तिने मला खिडकीपाशी नेलं. पुदिन्याचे देठ निळे आहेत.

वरच्या बाईंकडे जाऊन माफी मागावी असं हिचं म्हणणं. विचार करतो.

२३ मार्च, शनिवार

खबरदारी म्हणून कुंड्या गच्चीवर हलवल्या. गुन्हा कबूल केला असा अर्थ नाही.

कट्ट्याचं भोक मोकळं करायला छिन्नी-हातोडा घेतला. अख्खी सकाळ गेली. इतकं पक्कं काम हल्ली कोणी करत नाही. शेवटी फुटलं आणि साठलेलं निळं पाणी धो-धो खाली गेलं. एका पांढऱ्या गाडीवर. सेक्रेटरी वर बघत होते. मी मागे सरकलो.

मेहुण्याला हिने सगळं सांगितलं. तो म्हणाला की मूळ दुखणं गेलं, आता खिडक्या उघड्या ठेवा, पंखा लावा आणि भिंतीला हात लावू नका. आपोआप सुकेल, पण महिना-दीड महिना लागेल. सासूबाई तीस तारखेला येणार. ही म्हणाली, मग आईला खरं सांगू, ऑपरेशन पुढे ढकलता येईल, डॉक्टरांनी घाई नाही म्हटलंय. मी साफ नाही म्हटलं. सासूबाईंना यातलं अक्षर कळता कामा नये. तीस तारखेला खोली कोरडी असेल, हा माझा शब्द.  शेवटी ती हो म्हणाली.

२४ मार्च, रविवार

हीटर आणला. भिंतीसमोर ठेवला. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी बंद, दाराच्या फटीला टॉवेल. खोली इतकी तापलीच आहे तर धुतलेले कपडेही तिथेच वाळत घातले. ऊब वाया कशाला घालवायची.

संध्याकाळी दार उघडलं. चष्मा पांढरा झाला. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं, छतावरही थेंब. म्हणजे भिंतीतलं पाणी बाहेर यायला लागलं. प्रगती.

२६ मार्च, मंगळवार

सुट्टी टाकली. वॉटरप्रूफ रंग आणला. डब्यावर लिहिलंय, पृष्ठभाग पूर्ण कोरडा असताना लावावा. भिंत वरून कोरडी दिसते आणि पृष्ठभाग वरच असतो. दोन हात मारले. हस्तिदंती रंग. डाग गायब. यंत्र अगदी हळूच टेकवलं. हिरवा. उगाच दाबून बघितलं नाही.

हिने दारातून बघितलं. म्हणाली, अहो, भिंतीला हात लावू नका म्हटलं होतं ना. म्हटलं, हात नाही, ब्रश लावलाय. ती निघून गेली.

२९ मार्च, शुक्रवार

भिंतीवर लिंबाएवढा फुगा. मग त्याच्या शेजारी आणखी. रंग नवीन आहे, बसायला वेळ लागतो. सर्वांत मोठ्या फुग्यावर कॅलेंडर टांगलं. खोली प्रसन्न दिसते.

उद्या सासूबाई. नवी चादर घातली. पलंगाशी टेबल, त्यावर पाण्याचा तांब्या, घंटी, दिवा. दारात उभा राहून दोनदा बघितलं. मला वाटतं त्या म्हणतील, छान ठेवलीय.

३० मार्च, शनिवार

सासूबाई दुपारी हॉस्पिटलमधून आल्या. वॉकर घेऊन दारातून तिरकं जाता येईना, म्हणून कपाट परत भिंतीला ढकलावं लागलं. त्या धक्क्याने कॅलेंडर पडलं. त्याच्यामागचा फुगा फुटला. रंगाचा पापुद्रा लोंबला आणि आतून गढूळ पाणी नव्या चादरीवर गळलं. पाण्याला निळसर झाक होती.

वास सुटला. सासूबाईंना खोकला सुरू झाला, मग धाप. हिने इनहेलर दिला, पाठ चोळली. मी खिडकी उघडली. हवा यावी म्हणून, पहिल्यांदाच.  

वरच्या बाई सासूबाईंची चौकशी करायला आल्या होत्या. त्यांनी भिंत बघितली, सासूबाईंना बघितलं. एवढंच म्हणाल्या की माझी एक खोली मोकळीच आहे, लिफ्ट आहे, चला. अर्ध्या तासात सगळं सामान वर. वॉकर, औषधं, घंटी. तांब्या मी नेला.

माफी मागायची राहिलीच होती. लिफ्टमध्ये मागितली. बाई म्हणाल्या, तांब्या सरळ धरा.

२ एप्रिल, मंगळवार

वर गेलो. सासूबाई खिडकीशी बसलेल्या. चेहऱ्यावर तरतरी. धाप नाही. यंत्र खिशात होतं, कोणाचं लक्ष नाही असं बघून भिंतीला टेकवलं. हिरवा. शिट्टी वाजली नाही हे नशीब.

सासूबाईंनी जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या, जावईबापू, खोली ओली आहे असं आधी सांगितलं असतंत, तर मी ऑपरेशन पुढे ढकललं असतं. हा गुडघा किती वर्षं दुखतोय, आणखी दोन महिने दुखला असता. मी का रागावले असते? त्या रागावल्या नव्हत्याच. सहज विचारत होत्या.

मी त्यांचा तांब्या भरून आणला.  वाईट वाटलं, हे लिहून ठेवतो.

१४ एप्रिल, रविवार

मेहुणा आला आणि माझा रंग खरवडून काढला. तासाभरात. 

आता हुकूम असा: खिडकी उघडी, पंखा चालू, हीटर बंद, कपडे गच्चीवर, आणि मी काहीही करायचं नाही. हिने यंत्रही काढून घेतलं. मी दारात खुर्ची टाकून भिंतीकडे बघत बसतो. काही न करणं फार अवघड काम आहे, लोकांना कल्पना नाही.

वरून पत्ते पिसल्याचा आणि हसल्याचा आवाज येतो. सासूबाई, बाई आणि ही. जेवायला मलाही बोलावतात. पत्त्यांत घेत नाहीत. चौथा भिडू मेहुणा.

५ मे, रविवार

भिंत बरीच पांढरी पडलीय. हिने यंत्र लावू दिलं, तिच्या देखत. मध्ये थोडा पिवळा, बाकी हिरवा. यात माझा वाटा काय, असं विचारलं. ती म्हणाली, तुम्ही लांब राहिलात.

११ मे, शनिवार

सगळा हिरवा. दाबून बघितलं, कोपऱ्यात बघितलं, कपाटामागे हात घालून बघितलं. वास नाही. कपाट आता दुसऱ्या भिंतीशी, मागे हातभर जागा सोडून. दार पूर्ण उघडतं. कोणतीही युक्ती न करता खोली सुकली, हे जरा लागलं मनाला. पण सुकली.

आजच सासूबाई त्यांच्या घरी निघाल्या. सहा आठवडे पूर्ण, काठी घेऊन चालतात. मी पलंगावर स्वच्छ चादर घातली आणि लिफ्टचं बटण दाबून उभा राहिलो. दार उघडलं. आत सासूबाई, बॅगा घेतलेला मेहुणा, ही आणि वरच्या बाई. मी म्हटलं, खोली तयार आहे, एकदम कोरडी, दोन मिनिटं येऊन बघा. सासूबाई म्हणाल्या, अरे वा, छान झालं, पण खाली गाडी थांबलीय, पुढच्या वेळी नक्की. लिफ्टमध्ये मला जागा नव्हती. मी जिन्याने उतरलो. गाडी निघाली होती.

पुढच्या वेळी म्हणाल्या. त्यांचा दुसरा गुडघा बाकी आहे. डिसेंबरात करायचं चाललंय. संध्याकाळभर नियोजन केलं. खिडकी रोज उघडायची. कट्ट्यावर एकही कुंडी नाही. भिंतीला फिकट रंग, तोही माझ्या हाताने नाही. पलंगाची जागा बदलायची, म्हणजे त्यांना बाहेरचं दिसेल. सगळं फ्रिजवर लावलं आणि हिला वाचून दाखवलं. म्हटलं, या वेळी सहा महिने हातात आहेत, आईंना सांग, बिनधास्त या.

ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, अहो, दुसऱ्या गुडघ्याचं ठरलंसुद्धा. आईनेच विचारलं आणि बाई हो म्हणाल्या. ती वरच राहणार आहे.

मी विचारलं, मग या खोलीचं काय करायचं. ती म्हणाली, कपडे वाळत घालायला जागा नाही म्हणता ना, घाला.